उजव्या सोंडेचा साचा : प्रस्तावना

चवथीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत गोव्यात डिचोलीतल्या एका चित्रशाळेत माझी एक तरी फेरी व्हायचीच. गणपतीच्या मूर्ती घडतात त्या जागेला आमच्याकडे चित्रशाळा म्हणतात. ओल्या चिकणमातीचा वास, फळ्यांवर ओळीने सुकत ठेवलेले गणपती, कोपऱ्यात एकावर एक रचलेले साचे. एका वर्षी बारावीतली माझी एक विद्यार्थिनी बरोबर होती. साच्यातून निघालेले भाग मूर्तिकार बोटांनी जोडत होते. तिने विचारले, घरात उजव्या सोंडेचा गणपती पुजायचा असेल तर तो याच साच्यातून काढता येईल का? "ना गो बाय," ते म्हणाले, "ह्या साच्यांतल्यान डाव्या सोंडेचोच येतलो. उजव्या सोंडेक साचो वेगळो जाय." तिने सोंडेचा रिकामा साचा हातात घेतला. आडवा धरला, उलटा धरला, गोल फिरवून पाहिला. सोंड डावीकडेच वळत राहिली. परतीच्या बसमध्ये बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, "टीचर, आरशात धरला असता तर?"

आरशात धरला की सोंड उजवीकडे वळते, पण आरशातल्या साच्यात माती भरता येत नाही. सजीवांच्या पेशीत प्रथिने घडवणारा जो साचा आहे, रायबोसोम, तोही असाच एका हाताचा आहे. गेली साठेक वर्षे शास्त्रज्ञ विचारत आहेत की याच साच्यातून दुसऱ्या हाताचे काही काढता येईल का. मूर्तिकारांचे उत्तर मातीच्या बाबतीत बरोबर होते. रायबोसोमच्या बाबतीत उत्तर अधिक गुंतागुंतीचे निघाले. ती गुंतागुंत पेडणे-डिचोलीच्या मुलांना त्यांच्या भाषेत सांगावी, म्हणून हे छोटे पुस्तक.

आपले दोन हात एकसारखे दिसतात, तरी एकावर एक ठेवले तर अंगठे विरुद्ध दिशांना जातात. उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात बसत नाही. रेणूंचेही तसेच असते. अमिनो आम्लाच्या मध्यावर कार्बनचा एक अणू असतो आणि त्याला चार शेजारी असतात: हायड्रोजन, अमिनो गट, आम्ल गट आणि त्या त्या आम्लाची ओळख ठरवणारी बाजूची साखळी. चार वेगवेगळे शेजारी एका अणूभोवती दोनच तऱ्हांनी बसू शकतात, आणि त्या दोन तऱ्हा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. एकीला एल म्हणतात, दुसरीला डी. या पुस्तकात सोयीसाठी मी त्यांना डावी आणि उजवी म्हटले आहे. आपल्याकडे जानवे डाव्या खांद्यावर असले की सव्य आणि पितृकार्यात उजव्या खांद्यावर घेतले की अपसव्य. जानवे तेच, सूत तेच, बदलली ती बाजू. सव्य-अपसव्य हे शब्द मी सुरुवातीला वर्गात वापरत असे. नंतर सोडले, कारण मुले विचारू लागली की मग उजवी अमिनो आम्ले पितरांची का. प्रश्न चांगला होता, पण तो धागा पकडून रसायनशास्त्रापर्यंत पोचायला तास संपायचा.

या हाताची पहिली ओळख १८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चरला झाली. टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक तो निरखत होता. त्यातले काही एका बाजूला झुकलेले होते, काही दुसऱ्या. चिमट्याने एकेक उचलून त्याने दोन ढीग केले आणि प्रत्येक ढिगाचे द्रावण प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवते हे दाखवले. इतक्या साध्या साधनांनी इतका खोल शोध लागल्याची उदाहरणे विज्ञानात थोडी आहेत. पुढे कोणती रचना खरोखर डावी आणि कोणती उजवी हे ठरवायला साधन नव्हते, म्हणून एमिल फिशरने एक बाजू गृहीत धरून सगळी नावे लावली. १९५१ मध्ये बायव्हुट यांनी क्ष-किरणांनी रचना तपासली तेव्हा ते गृहीतक बरोबर निघाले. चुकीचे निघते तर अर्धशतकाची सगळी चित्रे उलटी करावी लागली असती.

हा फरक डोळ्यांना दिसत नसला तरी नाकाला कळतो. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपाचा वास यांत कोणी गल्लत करणार नाही. पण दोन्हींतला मुख्य सुगंधी रेणू एकच आहे, कार्व्होन. पुदिन्यात त्याचा एक हात, बाळंतशेपात दुसरा. आपल्या नाकातली प्रथिने एकाच हाताची असल्यामुळे या दोन रेणूंशी त्यांचे हस्तांदोलन वेगवेगळे होते. वर्गात दोन बाटल्या फिरवल्या की पुढचे तासभर समजावणे सोपे जाते.

भातशेतातल्या रोपापासून शापोऱ्याच्या पाण्यातल्या बांगड्यापर्यंत, जिवाणूपासून माणसापर्यंत, रायबोसोममधून बाहेर पडणारी प्रथिने डाव्या अमिनो आम्लांचीच असतात. अपवाद फक्त ग्लायसीनचा. त्याच्या बाजूच्या साखळीच्या जागीही हायड्रोजनच असल्यामुळे त्याला डावे-उजवे नाही, आरशात ते जसेच्या तसे दिसते. या ग्लायसीनकडे मी शेवटी परत येईन.

आता भाषांतराकडे. जीवशास्त्रात या क्रियेला भाषांतर हाच शब्द आहे, आणि तो आमच्या भागातल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. पेडण्याचे मूल घरात कोकणी बोलते, प्राथमिक शाळेत मराठी वाचते आणि पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत लिहू लागते. एका वाक्याचे तीन अवतार त्याच्या डोक्यात रोज होत असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली आणि मग १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीत, म्हणजे नव्याने मिळवलेल्या मुलखात, गेले. मराठीतले कागद पोर्तुगीज दप्तरात पोचायचे तर मध्ये सरकारी दुभाष्या लागायचा. अधिकाऱ्याला मराठी येत नसे, रयतेला पोर्तुगीज. दोघांचा भरवसा त्या मधल्या माणसावर.

पेशीतला दुभाष्या म्हणजे टी-आरएनए हा छोटा रेणू. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरे असतात आणि ती संदेशवाहक आरएनएवरच्या तीन अक्षरांशी जुळतात. दुसऱ्या टोकाला एक अमिनो आम्ल लटकलेले असते. अक्षरांची भाषा एका टोकाला, प्रथिनांची भाषा दुसऱ्या. चार अक्षरांपासून तीन-तीनचे ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांसाठी आणि ३ थांबण्यासाठी. रायबोसोम संदेशावरून पुढे सरकतो, प्रत्येक शब्दाशी जुळणारा दुभाष्या आत घेतो आणि त्याच्या टोकाचे अमिनो आम्ल वाढत्या साखळीला जोडतो. जिवाणूत हे काम सेकंदाला १५ ते २० जोडांच्या वेगाने चालते.

रायबोसोमचा दुभाष्यावर किती भरवसा आहे हे १९६२ च्या एका प्रयोगात उघड झाले. हा प्रयोग मला फार आवडतो. फ्राँस्वा शापव्हिल, फ्रिट्झ लिपमन, सेमूर बेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीन हे अमिनो आम्ल त्याच्या योग्य टी-आरएनएवर चढू दिले. मग निकेलच्या साह्याने त्यातले गंधक काढून टाकले. सिस्टीनचे अॅलानीन झाले, पण ते बसले होते सिस्टीनच्या दुभाष्यावर. रायबोसोमने काय करावे? जिथे सिस्टीन हवे तिथे त्याने अॅलानीन घातले. म्हणजे रायबोसोम अमिनो आम्लाची ओळख विचारतच नाही. तो शब्द जुळला की नाही एवढे पाहतो आणि बाकीचे दुभाष्यावर सोडतो. कोणते अमिनो आम्ल कोणत्या टी-आरएनएवर चढवायचे हे सिंथेटेज नावाची विकरे ठरवतात, आणि भाषांतराची खरी प्रामाणिकता त्यांच्या हातात असते.

मग तर मार्ग सोपा दिसतो. टी-आरएनएवर उजवे अमिनो आम्ल चढवले की रायबोसोम ते निमूट जोडेल. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोकांनी हेच करून पाहिले, आणि यश फार थोडे आले. ओळख न विचारणारा रायबोसोम हात मात्र पाहतो. पुस्तकाच्या मध्यावर असलेली चार प्रकरणे याच एका वाक्याची उकल आहेत.

उजव्या अमिनो आम्लाला साखळीत शिरायचे तर वाटेत चार नाकी लागतात. पहिले नाके सिंथेटेजचे. बहुतेक सिंथेटेज उजव्या आम्लाला परत पाठवतात, पण काहींकडून चूक होते. टायरोसीन, फेनिलअॅलानीन, ट्रिप्टोफॅन आणि अॅस्पार्टिक आम्ल यांची उजवी रूपे कधीकधी टी-आरएनएवर चढतात.

दुसऱ्या नाक्यावरचा पहारेकरी १९६७ मध्ये रिचर्ड कॅलेंडर आणि पॉल बर्ग यांनी ओळखला. चुकून चढलेले उजवे टायरोसीन टी-आरएनएवरून कापून काढणारे हे विकर. आज त्याला डीटीडी म्हणतात. या विकराला उजवे कसे कळते आणि डावे ते कसे सोडून देते, याचे उत्तर मात्र हैदराबादला मिळाले. तिथल्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात, ज्याला सगळे सीसीएमबी म्हणतात, राजन शंकरनारायणन यांच्या गटाने वर्षानुवर्षे या एका विकरावर काम केले. २००५ मध्ये त्यांनी दाखवले की अतिउष्ण पाण्यात राहणाऱ्या, आर्किया गटातल्या एका सूक्ष्मजीवात डीटीडीशी मिळतीजुळती घडण थ्रिओनीनच्या सिंथेटेजला जोडलेली असते. २०१३ मध्ये उजव्या अमिनो आम्लासारखा एक रेणू बसलेल्या स्थितीतल्या डीटीडीची स्फटिकरचना त्यांनी मांडली. ग्लायसीन आणि प्रोलीन या दोन अमिनो आम्लांचा एक छोटा जोड विकराच्या एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्याच्या कप्प्यात शिरलेला असतो, आणि हात तपासण्याचे काम तोच करतो. भाषांतरातल्या अचूकतेवरच्या या कामासाठी त्यांना २०२० चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे असे मला वाटते. आपल्या पाठ्यपुस्तकांत जीवशास्त्राचे मूलभूत शोध दूरच्याच देशांत लागतात. हा शोध आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर लागलेला आहे.

तिसरे नाके ईएफ-टीयू या प्रथिनाचे. अमिनो आम्ल चढलेल्या, म्हणजे भारित, टी-आरएनएला हात धरून रायबोसोमपर्यंत नेणारे हे प्रथिन उजवे आम्ल वाहणाऱ्या टी-आरएनएला सैलसे धरते, आणि वाटेतच हात सुटण्याची शक्यता वाढते.

चौथे नाके रायबोसोमच्या गाभ्यात. जोड जिथे होतो ती जागा प्रथिनांची नाही, आरएनएची आहे, हे २००० मध्ये थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या रचनेने दाखवले. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना रायबोसोमची रचना व कार्य उलगडल्याबद्दल मिळाले. या गाभ्यात एक खाच आहे आणि येणाऱ्या अमिनो आम्लाची बाजूची साखळी तिच्यात बसते. उजव्या आम्लाची साखळी तिथे बसत नसेल, म्हणून ते नाकारले जात असेल, असा बरीच वर्षे समज होता. २०१९ मध्ये उजवे अमिनो आम्ल आत बसलेल्या जिवाणूच्या रायबोसोमची रचना ३.७ अँगस्ट्रॉमच्या बारकाईने मिळाली, तेव्हा चित्र वेगळे दिसले. साखळी खाचेत व्यवस्थित बसते. पण ती तिथे बसली की रेणूचा अमिनो गट, ज्याने पुढे होऊन जोड करायचा, तो भलत्याच दिशेला तोंड करून राहतो. उजव्या हाताने डाव्या हाताच्या मोज्यात बोटे कशीबशी घातली तर तळहात उलटा येतो, तसे. रायबोसोम उजव्या आम्लाला हाकलत नाही. ते आत येते, बसते, आणि जोड फार सावकाश होतो किंवा होतच नाही. तोवर पेशीतली इतर यंत्रणा जागी होते.

एवढ्यावर संपत नाही. एक उजवे आम्ल साखळीत शिरलेच तर पुढचा जोड आणखी अवघड होतो. २०१५ मध्ये दाखवले गेले की साखळीच्या टोकावर उजवे आम्ल असले की बऱ्याच रायबोसोमचा गाभा बेतशीर रचना सोडतो आणि ते तिथेच थबकतात. दोन उजवी आम्ले लागोपाठ घालणे म्हणूनच सगळ्यांत कठीण.

ही नाकी एकेक कळली तशी ती ओलांडण्याची वाटही दिसू लागली. सिडनी हेक्ट यांच्या गटाने २००३ मध्ये थेट चौथ्या नाक्यावर काम केले. ई. कोलाय जिवाणूच्या रायबोसोममधल्या आरएनएच्या गाभ्याजवळची काही अक्षरे बदलली आणि बदललेले रायबोसोम उजवी आम्ले मूळच्यापेक्षा अधिक घेतात हे दाखवले. साचाच थोडा कोरून सैल केला, असे म्हणता येईल.

दुसरी वाट टोकियो विद्यापीठातल्या हिरोआकी सुगा यांची. त्यांनी साचा जवळजवळ तसाच ठेवला आणि नाकीच काढून टाकली. हे समजायला आधी २००१ साली टोकियोतच तयार झालेली एक व्यवस्था माहीत हवी. योशिहिरो शिमिझु आणि ताकुया उएदा यांनी भाषांतराला लागणारी सगळी प्रथिने, तीसेक, एकेक करून शुद्ध केली आणि रायबोसोम, टी-आरएनए यांच्यासह नळीत पुन्हा एकत्र मांडली. पेशी नाही, तरी भाषांतर चालते. अशा नळीत काय घालायचे आणि काय नाही हे आपल्या हातात. डीटीडी घातलेच नाही तर दुसरे नाके उरत नाही. एखादे नेहमीचे अमिनो आम्ल वगळले तर त्याचा तीन अक्षरी शब्द मोकळा होतो आणि त्या शब्दाला नवा अर्थ देता येतो.

उरला प्रश्न टी-आरएनएवर उजवे आम्ल चढवायचे कसे, कारण सिंथेटेज ते सहसा करत नाहीत. सुगांच्या गटाने त्यासाठी आरएनएचेच एक विकर नळीत उत्क्रांत करून घेतले, सुमारे ४५ अक्षरांचे, त्याचे नाव फ्लेक्सिझाइम. रासायनिक रीतीने थोडे सक्रिय केलेले जवळजवळ कोणतेही अमिनो आम्ल ते कोणत्याही टी-आरएनएवर चढवते. १९६२ च्या प्रयोगात निकेलने जे एकदा घडवले, ते आता हवे तेव्हा, हव्या त्या आम्लासाठी घडवता येते. २००८ मध्ये दिसले की साखळीच्या अगदी पहिल्या जागेवर रायबोसोम उजवी आम्ले बऱ्यापैकी स्वीकारतो. २०१३ मध्ये उजव्या अमिनो आम्लांची एकेक करून मधल्या जागांवर परीक्षा झाली. काही सहज शिरली, काही अर्धवट, काही जवळजवळ नाहीच. उजव्यांतही सगळी सारखी अवघड नाहीत, ही त्या कामाची खरी शिकवण.

लागोपाठ उजवी आम्ले घालण्यासाठी २०१७ मध्ये काढलेली युक्ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. प्रोलीन हे अमिनो आम्ल आखडलेले असते, ते तीन-चारदा लागोपाठ आले की रायबोसोम अडकतो. अशा वेळी पेशीतले ईएफ-पी नावाचे प्रथिन बाजूला येऊन बसते, दुभाष्याला सरळ धरते आणि अडकलेला जोड पूर्ण करून घेते. सुगांच्या गटाने टी-आरएनएची रचना अशी बदलली की उजवे आम्ल अडकले तरी ईएफ-पी ते आपलेच काम समजून येते. त्याच टी-आरएनएला ईएफ-टीयूने घट्ट धरावे अशीही दुरुस्ती केली. तिसरे आणि चौथे नाके एकाच रेणूत सोपे झाले, आणि लागोपाठ अनेक उजवी आम्ले रायबोसोममधून निघू लागली. पेशीतली मदत मोडून न काढता तिला दुसऱ्या कामाला लावणे हे मला साचा कोरण्यापेक्षा अधिक हुशारीचे वाटते. हेक्ट यांचे काम आधीचे आहे आणि त्याचे ऋण मान्य करूनच हे म्हणते आहे.

निसर्गात उजवी अमिनो आम्ले नाहीत असा समज मात्र होऊ नये. जिवाणूंच्या भिंतीत उजवे अॅलानीन आणि उजवे ग्लुटामिक आम्ल असते. त्या भिंतीतल्या साखळीच्या शेवटच्या दोन उजव्या अॅलानीनची नक्कल पेनिसिलीन करते आणि भिंत बांधणाऱ्या विकराला फसवते. पण जिवाणू ही आम्ले रायबोसोममधून नेत नाही, त्यासाठी त्याच्याकडे स्वतंत्र विकरे आहेत. जिवाणू मेल्यावर ही उजवी आम्ले समुद्रात विरघळून राहतात. समुद्राच्या पाण्यातल्या नत्रयुक्त पदार्थांत जिवाणूंचा वाटा किती, हे त्यांच्यावरून ओळखता येते. आपल्या डोळ्यांच्या भिंगातली प्रथिने जन्मभर बदलत नाहीत, आणि त्यांतले अॅस्पार्टिक आम्ल वयाबरोबर हळूहळू डाव्याचे उजवे होत जाते. माझ्या आईचा मोतीबिंदू काढला तेव्हा ऐंशी वर्षांच्या त्या भिंगातल्या किती रेणूंनी बाजू बदलली असेल याचा विचार मनात आला होता.

दक्षिण अमेरिकेतल्या फायलोमेड्युसा बेडकाच्या कातडीत डर्मॉर्फिन हे सात अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे छोटी साखळी, १९८१ मध्ये सापडले. वेदना शमवण्यात ते मॉर्फीनच्या कित्येक पट प्रभावी. त्याच्या दुसऱ्या जागेवर उजवे अॅलानीन आहे, आणि तिथे डावे घातले तर परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. १९८७ मध्ये जनुक वाचले तेव्हा त्या जागी साध्या, डाव्या अॅलानीनचाच शब्द निघाला. बेडकाचा रायबोसोम डावेच घालतो, आणि साखळी तयार झाल्यावर एक विकर तेवढे एक आम्ल उलटते. शंकूच्या आकाराच्या विषारी सागरी गोगलगायींनी हाच मार्ग धरला आहे. कॉन्ट्रिफॅन या त्यांच्या छोट्या पेप्टाइडमध्ये उजवे ट्रिप्टोफॅन १९९६ मध्ये सापडले. भारतीय किनाऱ्यांवरच्या या गोगलगायींच्या विषांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन यांनी मोठे काम केले. मोरजीच्या नाहीतर केरीच्या वाळूत शंख-शिंपले वेचणाऱ्या मुलाला हे माहीत असावे असे मला मनापासून वाटते. वेचताना शंखाचा पीळही पाहावा. देवघरात ज्याला दक्षिणावर्ती म्हणून दुर्मीळ मान आहे, त्या शंखाला प्राणिशास्त्रज्ञ डावा म्हणतात, आणि रोजच्या शंखाला उजवा. वस्तू एकच, पाहणारा कोणत्या टोकाकडून पाहतो यावर नाव बदलते. रेणूंच्या नावांतही हा गोंधळ होतो, म्हणून या पुस्तकात चित्रे काढताना प्रत्येक वेळी कोणत्या बाजूने पाहायचे हे लिहिले आहे.

कोट्यवधी वर्षांत बेडकाने, गोगलगायीने रायबोसोमकडून जे करून घेतले नाही ते टोकियोच्या नळीत होते, तर त्याचा उपयोग काय? उपयोग पोटात आहे. इन्शुलीन टोचावे लागते, कारण गिळले तर पचनविकरे त्याचे तुकडे करतात. ही विकरेही डाव्या हाताची, उजव्या आम्लाजवळचा जोड त्यांना तोडता येत नाही. डेस्मोप्रेसिन या औषधात आठव्या जागेवर उजवे आर्जिनीन घातले आहे, म्हणून ते शरीरात जास्त वेळ टिकते. प्रोस्टेटच्या कर्करोगात दिले जाणारे ल्युप्रोलाइड सहाव्या जागेवर उजवे ल्युसीन बाळगते. डायलिसिसवरच्या काही रुग्णांना असह्य खाज सुटते. त्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या डायफेलिकेफॅलिनमधली चारही अमिनो आम्ले उजवी आहेत.

जाणकार वाचक इथे अडवेल, आणि त्याने अडवावे. ही औषधे रायबोसोमने बनवलेली नाहीत. ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये दिलेल्या रीतीने ती राळेच्या कणांवर एकेक आम्ल जोडून रासायनिकरीत्या होतात, आणि रसायनाला डावे-उजवे सारखेच. मग रायबोसोमच्या मागे का लागायचे? कारण रसायन एक पेप्टाइड बनवते तेव्हा ते कोणते हे आधी माहीत असावे लागते. रायबोसोममधून निघालेले प्रत्येक पेप्टाइड त्याच्याच संदेशवाहक आरएनएला बांधून ठेवता येते, ही रीत १९९७ मध्ये आली. अशी लाख कोटी वेगवेगळी पेप्टाइडे एका नळीत बनवायची, रोगाशी संबंधित प्रथिनावर सोडायची, जी चिकटून राहतील तेवढी उचलायची आणि त्यांना बांधलेला संदेश वाचायचा. हजारो ढिगांतून हवा तो दाणा स्वतःच नाव सांगतो. औषध पुढे रसायनाने बनवावे, पण ते शोधावे रायबोसोमने. उजवी आम्ले या शोधात आली तर शोधाच्या पहिल्या दिवसापासून पोटात टिकणारी पेप्टाइडे हाती लागू शकतात.

एक सावधगिरी इथेच नोंदवते, कारण मुले वर्तमानपत्रात वाचून विचारतात. साखळीत काही उजवी आम्ले घालणे एक, आणि पूर्णपणे आरशातला, प्रत्येक रेणू उलटा असलेला जिवाणू घडवणे दुसरे. अशा जिवाणूला आपली प्रतिकारशक्ती ओळखणार नाही आणि निसर्गातले त्याचे शत्रू त्याला खाऊ शकणार नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी जाहीर इशारा दिला की असा जीव बनवण्याच्या दिशेने काम करू नये. तो इशारा मला योग्य वाटतो. या पुस्तकातले उजवी आम्ले जोडण्याचे सगळे प्रयोग नेहमीच्याच हाताच्या रायबोसोमवरचे आहेत, आणि ते पेशीबाहेर, नळीत थांबतात.

शब्दांबद्दल थोडे. रायबोसोम, पेप्टाइड, सिंथेटेज हे शब्द तसेच ठेवले आहेत. त्यांना जड प्रतिशब्द घडवून मुलांना चौथी भाषा शिकवायची नव्हती. दुभाष्या, नाके, साचा हे आमच्या भागातले शब्द मात्र आग्रहाने वापरले. हस्तलिखित वाचलेल्या काही मित्रांना नाके हा शब्द खटकला, पण पत्रादेवीचे सीमेवरचे नाके ओलांडून रोज ये-जा करणाऱ्या मुलांना तो लगेच कळतो, म्हणून राहू दिला.

पहिले प्रकरण ग्लायसीनवर आहे, ज्याला हातच नाही. सीसीएमबीच्या गटाला पुढे कळले की डीटीडी उजव्या आम्लाला ओळखून धरतो असे नाही. डाव्याची बाजूची साखळी आत येऊच नये अशी त्याच्या कप्प्याची घडण आहे. ज्याला साखळीच नाही त्या ग्लायसीनला मग तो कसा अडवणार? तो ते उजवे समजून कापू लागतो, आणि ग्लायसीन तर प्रत्येक प्रथिनाला हवे. तिथे ईएफ-टीयू मध्ये पडते. भारित ग्लायसीन-टी-आरएनएला ते आधीच घट्ट धरते, म्हणून पहारेकऱ्याचा हात पोचत नाही. पेशीत डीटीडी जास्त झाले तर मात्र हे संरक्षण पुरत नाही, पेशी आजारी पडते, आणि बाहेरून ग्लायसीन दिले की बरीचशी सावरते. चित्रशाळेतून परतताना आरशाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला हे सांगितले तेव्हा तिने वहीत ग्लायसीनचे चित्र काढले, शेजारी त्याची आरशातली प्रतिमा काढली, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरली.